जिथे जे रोज शिजतं, तिथे तेच मागवा: मुंबईतल्या हॉटेलांबद्दल माझी मतं

आगळ

हॉटेलात बसल्यावर मी आधी मेन्यूकार्ड किती पानी आहे ते बघतो. एकाच स्वयंपाकघरातून पनीर टिक्का, शेजवान नूडल्स, मैसूर मसाला, पास्ता आणि वर सुरमईचं कालवणही निघत असेल, तर त्यातलं बहुतेक काही त्या दिवशी मुळापासून केलेलं नसतं. कसं असणार? लाल, पिवळी, पांढरी आणि हिरवी अशा ग्रेव्ह्या सकाळी, कधी कधी आदल्या दिवशीच, करून ठेवतात. ऑर्डर आली की कढईत एक पळी ग्रेव्ही, त्यात पनीर नाहीतर चिकन, वरून साय. कार्डावर नावं साठ असली तरी चवी चारच. मला हे जेवण नको होतं, आणि त्याला जे पैसे मोजावे लागतात ते तर अजिबात द्यावेसे वाटत नाहीत.

म्हणून माझं सरळ मत आहे. ज्या जागेचा एखाद्या पदार्थावर वर्षानुवर्षं हात बसलाय तिथे जायचं, तो पदार्थ जेव्हा होतो त्या वेळेला जायचं आणि तोच मागवायचा. मुंबईत अशा जागा अजून आहेत. त्या टिकाव्यात असं मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

सुरुवात माटुंग्यापासून. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनाबाहेर पहिल्या मजल्यावर ए. रामा नायक यांचं श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासूनचं. केळीचं पान, भात, सांबार, रसम, भाज्या, पापड, ताक. काय मागवू हा प्रश्नच नाही. कूपन घ्यायचं आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. तिथलं रसम मला फार आवडतं. दुसऱ्यांदा भात घ्याल तेव्हा सांबाराऐवजी रसम सांगा, आणि आधी भाताला आळं करा, नाहीतर ते पानाबाहेर पळतं. लग्नाच्या पंगतीत वाढपी पुढे गेला की परत येत नाही, इथे तो फिरत राहतो. पान रिकामं दिसलं की थांबतो.

तिथून चालत किंग्ज सर्कलला गेलं की कॅफे मद्रास, १९४० सालचं. रविवारी सकाळी बाहेर नाव लिहून उभं राहावं लागतं, म्हणून जमत असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी लवकर जा. रसम इडली आणि नाचणीचा डोसा हे दोन पदार्थ मी तिथे कधी चुकवत नाही. डोसा म्हटला की चीज, शेजवान, पनीर घालणारी हॉटेलं गल्लोगल्ली झालीत. तिथे डोशाची मूळ चव कळतच नाही. नाचणीचा डोसा नुसत्या चटणीबरोबर खाऊन बघा, पीठ किती आंबवलंय ते तोंडात कळतं.

दादरला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष. माझं मत असं की साबुदाणा वड्याचं सगळं साबुदाणा भिजवण्यात आहे. पाणी जास्त झालं तर वडा आत चिकट होतो, कमी पडलं तर दाणा कडक राहतो. तिथे तो बरोबर भिजलेला असतो, कारण रोज तेच काम आहे. आस्वादच्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये पुरस्कार मिळाला आणि तेव्हापासून लोक मिसळीसाठी रांग लावतात. मिसळ चांगलीच आहे, सौम्य आहे, दादरच्या जिभेची आहे. पण मी तिथे थालीपीठ मागवतो. कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ, आणि लोणी त्यावरच वितळतं. स्टेशनाबाहेर मामा काणे आहे, १९१० सालापासून. तिथला बटाटेवडा ताजा घाणा आला की घ्यावा. ताटात थंड झालेला वडा परत गरम करून कुठेही खाऊ नये, हे माझं फार ठाम मत आहे.

आता मासे, कारण वाद तिथेच होतो. मासळीच्या खानावळीत पहिल्यांदा जाल तेव्हा तळलेली तुकडी मागवू नका, आमटी-भात मागवा. तुकडीवर रवा आणि तिखट असतं, तेलात शिळेपणा बऱ्यापैकी लपतो. कालवणात लपत नाही. कालवण चांगलं लागलं तर मग बोंबील, कोलंबी, तिसऱ्या (शिंपल्या) काय हवं ते घ्या. दादरला गोमांतक, सिंधुदुर्ग, चैतन्य या तिन्ही ठिकाणी कालवण हे जेवणाचं केंद्र आहे असं मला वाटतं, तळण नंतर. वांद्र्याच्या पूर्वेला हायवे गोमांतकमध्येही तसंच. सोलकढी मात्र आधी मागवा. नारळ त्या दिवशी वाटलेला असेल तर वाटीत तळाशी पाणी आणि वर दाटपणा असा फरक थोड्या वेळाने दिसू लागतो. पावडरीच्या दुधाची सोलकढी तासभर ठेवली तरी एकसारखी गुळगुळीत राहते.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. तरीही जुलैत कार्डावर पापलेट, सुरमई, हलवा, रावस सगळं हजर असेल तर तो बर्फातला किंवा दुसऱ्या किनाऱ्याचा माल आहे हे समजून घ्या. यात फसवणूक नाही, पण 'आजचा ताजा' म्हणून दर लावला असेल तर विचारायचा हक्क आपला आहे. जिथे फळ्यावर खडूने त्या दिवसाचा मासा लिहितात तिथे मला विश्वास वाटतो. पापलेट २०२३ मध्ये राज्याचा मासा जाहीर झाला, तो लहान वयातच पकडला जाऊन कमी होतोय, त्याचं जतन व्हावं म्हणून. ताटात तळहाताएवढं पापलेट आलं की मला वाईट वाटतं. मी ते मागवणं सोडलंय, बांगडा घेतो. तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी पापलेटापेक्षा कमी आहे असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालायला तयार आहे.

इराणी हॉटेलांबद्दल थोडक्यात, कारण त्यांच्यावर खूप लिहून झालंय. धोबीतलावला क्यानी, १९०४. ग्रँट रोड स्टेशनाजवळ मेरवान, १९१४. मावा केक हवा तर सकाळीच जावं लागतं. बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानिया, १९२३, फक्त दुपारी. तिथल्या बेरी पुलावातली आंबट लाल बेरी इराणची, झरेश्क. मी तिथे दुसरं काही मागवत नाही.

शेवटी राग आलाय ते लिहितो. उपनगरातल्या एका नव्या 'अस्सल मालवणी' हॉटेलात गेलो होतो. दारात बैलगाडी, भिंतीवर सुपं आणि टोपल्या, वाढणाऱ्या मुलांना फेटे. कोंबडी-वडे मागवले तर वडे म्हणून मैद्याच्या पुऱ्या आल्या. वड्याचं पीठ तांदूळ, उडीद, धणे, मेथी घालून दळतात, त्याचा रंग वेगळा, वास वेगळा. विचारलं तर 'आमच्याकडे असेच असतात.' भाकरी चामड्यासारखी, म्हणजे करून ठेवलेली. बिलात सेवा शुल्क न विचारता. आपल्या जेवणाच्या नावाने हे चाललंय याचं मला दुःख होतं. बैलगाडीवर खर्च केलेले पैसे भाकरी करणाऱ्या एका बाईच्या पगारावर खर्च केले असते तर जेवण सुधारलं असतं.

तुमच्या जागा सांगा. आणि शक्यतो जागेबरोबर पदार्थ आणि वेळही सांगा.

माटुंगेकर

नायकांच्या रसमबद्दल शंभर टक्के सहमत. एक भर घालतो. माटुंग्यात ही बोर्डिंगं आली ती एकटे राहणाऱ्या दक्षिणी नोकरदारांसाठी. दक्षिणेकडून आलेले कारकून, टंकलेखक खोली भाड्याने घेऊन राहायचे आणि दोन वेळचं जेवण बोर्डिंगात. म्हणून ते जेवण रोज जेवता येईल असंच असतं. मसाला कमी, तेल कमी. पाहुणा म्हणून एकदाच गेलेल्या माणसाला ते कधी कधी साधं वाटतं. दोन-तीन वेळा गेलात की कळतं.

सहकुटुंब

लेख आवडला, पण मोठ्या मेन्यूवर एवढा राग पटला नाही. आमच्या घरातले सहाजण एकत्र बाहेर पडतात तेव्हा सासऱ्यांना मधुमेह, सासूबाईंचा गुरुवार, जाऊबाई जैन, धाकट्याला फक्त नूडल्स आणि नवऱ्याला तंदुरी रोटी लागते. आम्ही तुमच्या एकपदार्थी जागेत जाऊन काय करणार? आमच्या स्टेशनजवळच्या शेट्टींच्या शाकाहारी हॉटेलात सगळ्यांना सगळं मिळतं, जागा स्वच्छ आहे, मुलाने पाणी सांडलं तर कुणी कपाळाला आठी घालत नाही. चव उत्तम नसेल, पण त्या दोन तासांत मी ओट्यापाशी उभी नसते आणि सगळे एका टेबलावर असतात. माझ्यासाठी बाहेर जेवणं म्हणजे हे आहे.

आगळ

सहकुटुंब, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे. बाहेर जेवण्याचं कारण प्रत्येकाचं वेगळं, आणि ओट्यापासून सुटका हे तर सगळ्यात खरं कारण. तरी तिथेही एक सुचवतो. या बहुतेक शेट्टी हॉटेलांचा मूळ हात उडुपी पदार्थांवर असतो. पंजाबी आणि चायनीज गिऱ्हाइकांच्या मागणीमुळे नंतर जोडलं गेलं. म्हणून तिथे पनीर बटर मसाल्याऐवजी इडली, सेट डोसा, उपमा, पुरी-भाजी मागवून बघा. सासऱ्यांनाही ते सोसेल. धाकट्याचे नूडल्स राहू देत.

हिंगाष्टक

पुण्याचं नाव नाही म्हणजे काय! बादशाही बोर्डिंग टिळक रस्त्यावर याच तत्त्वावर चाललंय. ठरलेली वेळ, ठरलेलं ताट, रविवारी दुपारी नंबर लावून थांबणं. लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाऊस, १९३५ साली मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी सुरू केलेलं. तिथलं थालीपीठ खा आणि मग दादरच्या थालीपिठाबद्दल बोलू. नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ १९४८ पासून. गोडसर आहे, पावाऐवजी ब्रेडचे स्लाईस देतात, आणि बाहेरगावचे लोक त्यावरून नाकं मुरडतात. पण पोहे, बटाट्याची भाजी, शेव आणि तो आंबटगोड रस्सा यांचा मेळ एवढा जमलेला दुसरीकडे नाही. झणझणीत म्हणजेच चांगली मिसळ हे समीकरण मला मान्य नाही.

तर्रीवाला_ठाणे

हिंगाष्टक, गोड मिसळीला मिसळ म्हणायची आमची तयारी नाही. ठाण्यात तहसील कचेरीजवळ मामलेदारला या. तिखट किती हवं ते आधी सांगावं लागतं. 'मध्यम' सांगूनही नाकाडोळ्यांतून पाणी येतं, आणि तरी माणूस दुसरा पाव मागतो. बसायला जागा थोडी, बाकावर अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून खायचं. तिथे कुणी मिसळीशिवाय दुसरं काही मागवायला येत नाही, त्यामुळे आगळ यांच्या नियमात चपखल बसते.

हिंगाष्टक

तिखटाने जीभ बधिर झाल्यावर मटकी शिजली की नाही हे कसं कळतं, एवढंच विचारतो.

तर्रीवाला_ठाणे

कळतं. या एकदा, मी सोबत येतो.

परळची

मूळ लेखात खानावळीचा उल्लेख फक्त मासळीपुरता आलाय, म्हणून लिहिते. ठरलेली वेळ आणि ठरलेलं ताट ही पद्धत मुंबईत गिरणगावाने रुजवली. घाटावरून आणि कोकणातून आलेले गिरणी कामगार बायकामुलं गावी ठेवून एकेका खोलीत दहा-पंधराजण पाळीपाळीने राहायचे. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका चाळीतल्याच. माझी आजी त्यातली. पहाटेची पाळी, दुपारची पाळी, रात्रपाळी अशी तिची चूल गिरणीच्या भोंग्यावर चालायची. भाकरी, कालवण, भात, रविवारी मटण. पैसे पगाराच्या दिवशी, आणि पगार होईपर्यंत किराणा उधारीवर. सावकाराचं व्याज तिच्या कमाईतला मोठा वाटा खायचं. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, जेवणारे गावी परतले, आणि आजीसारख्या कितीतरी जणींच्या चुली थंडावल्या. संपाच्या इतिहासात त्यांचं नाव कुणी घेत नाही.

आज परळ-लोअर परळला गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत आणि त्यांच्या तळमजल्यावर जगभरच्या चवींची हॉटेलं. तिथे काम करणारी मुलं दुपारी डबा नाहीतर रस्त्यावरचा वडापाव खातात, कारण आतलं परवडत नाही. आगळ म्हणतात त्या बैलगाडीच्या हॉटेलात मी एकदा गेले. भिंतीवर टांगलेलं सूप बघून मला आजीचं सूप आठवलं आणि तिथे पुढे जेवता आलं नाही.

माटुंगेकर

परळची, हे सगळं सविस्तर लिहा, वेगळा धागा काढा. गिरणगावावर बरंच लिहिलं गेलं, खानावळवाल्यांवर फार थोडं.

आगळ

परळची, मनापासून आभार. 'चूल गिरणीच्या भोंग्यावर' हे वाचून मला उठून फेरी मारावी लागली. वेगळ्या धाग्याची वाट बघतो.

वालाचं_बिरडं

माझी खंत वेगळी आहे. मुंबईत 'महाराष्ट्रीय' जेवण म्हटलं की मालवणी-गोमांतकी मासळी नाहीतर वडा-मिसळ-थालीपीठ. जे लोक इथलेच, त्यांचं जेवण हॉटेलात कुठे आहे? सोड्याची (सुकवलेल्या कोलंबीची) खिचडी, वालाचं बिरडं, निनावं, खाजाचे कानवले हे सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांबाहेर मिळत नाही. पाठारे प्रभूंचं नाही, ईस्ट इंडियनांच्या, म्हणजे इथल्या मूळ ख्रिस्ती लोकांच्या, बाटली मसाल्याचं नाही. आगरी-कोळी जेवण आता कुठे थोडं दिसायला लागलंय, तेही नवी मुंबई-पनवेलच्या बाजूला.

कारण मला दिसतं ते असं. वाल रात्री भिजवायचे, दुसऱ्या दिवशी मोड आणायचे, तिसऱ्या दिवशी एकेक दाणा सोलायचा. एवढी मेहनत करणाऱ्या माणसाला पगार दिला तर वाटीचा भाव लोक देणार नाहीत. लोक पनीरला जो भाव देतात तो वालाला देत नाहीत. सोड्यांचे भाव तर विचारूच नका. त्यामुळे हे जेवण घरून ऑर्डर घेणाऱ्या बायकांकडे गेलंय. आदल्या दिवशी फोन करायचा आणि दुसऱ्या दिवशी डबा आणायचा. माझ्या मते आज मुंबईतलं सगळ्यात चांगलं मराठी जेवण हॉटेलात नाही, या घरगुती स्वयंपाकघरांत आहे. त्यांना बसण्याची जागा नाही एवढीच अडचण.

विरारवासी

भुजिंग विसरलात! विरारजवळ आगाशीला या. निखाऱ्यावर भाजलेलं चिकन, त्यात पोहे आणि बटाटा. हे दुसरीकडे तसं होत नाही.

बिलवाचक

लेखात सेवा शुल्काचा उल्लेख आहे म्हणून नेमकं सांगतो, बऱ्याच जणांना माहीत नसतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली: हॉटेलने सेवा शुल्क आपोआप बिलात लावायचं नाही, दुसऱ्या नावानेही लावायचं नाही, आणि दिलं नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. हॉटेल संघटना न्यायालयात गेल्या. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तत्त्वं वैध ठरवली. म्हणजे ते शुल्क ऐच्छिक आहे. शांतपणे 'हे काढा' म्हणायचं. नाही काढलं तर बिलाचा फोटो घेऊन १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची. मी हे करतो, घरचे संकोचतात, पण बिल बदलून मिळतं.

जीएसटी वेगळा, तो कर आहे, द्यावाच लागतो. साध्या हॉटेलात ५ टक्के. बिलावर १४ आकडी अन्न परवान्याचा क्रमांकही असायला हवा, तो बघायची सवय लावा.

एकटी_जेवणारी

वाढणाऱ्याला मी रोख टीप देते, हातात. सेवा शुल्क त्याच्यापर्यंत पोचतं की नाही हे आपल्याला कधी कळत नाही.

आणि एक वेगळा निकष माझा. मी कामानिमित्त शहरभर फिरते आणि दुपारी बहुतेक एकटीच जेवते. काही मोठ्या हॉटेलांत एकटी बाई आली की कोपऱ्यातलं, स्वच्छतागृहाशेजारचं टेबल देतात, नाहीतर 'अजून कोणी येणार आहे का?' तीनदा विचारतात. माटुंग्याची बोर्डिंगं, इराणी हॉटेलं, दादरची उपाहारगृहं इथे हे मला कधी जाणवलं नाही. अनोळखी माणसं समोर बसतात, आपापलं खातात, उठतात. ही टेबल वाटून घेण्याची मुंबईची पद्धत मला फार सुरक्षित वाटते. छोट्या मेन्यूच्या जागेचा हा फायदा कुणी लिहिला नव्हता: तिथे सगळे खायला आलेले असतात, त्यामुळे कुणी कुणाकडे बघत बसत नाही.

सहकुटुंब

एकटी_जेवणारी, अगदी खरं. लग्नाआधी नोकरीला होते तेव्हा माझंही दुपारचं जेवण असंच व्हायचं. परत एकदा एकटीने जावंसं वाटतंय.

जवसतेल

नागपूरकर म्हणून माझी तक्रार. मुंबईत 'सावजी' पाटी दिसली की आशेने जातो आणि निराश होऊन येतो. सावजी म्हणजे नुसतं लाल तिखट नव्हे. नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाचं हे जेवण, पूर्वी जवसाच्या तेलात व्हायचं. मसाला आधी भाजून मग वाटलेला, त्यामुळे रस्सा लाल नाही, काळपट दिसतो. इथे काश्मिरी मिरचीचा लालभडक तवंग आणि त्याखाली तीच कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही. आगळ यांचा निष्कर्ष इथेही लागू: ज्या हॉटेलात सावजी ही कार्डावरची एक ओळ आहे तिथे मागवू नका. नागपूरला या आणि जिथे फक्त सावजीच मिळतं तिथे बसा. तिथे मेन्यूकार्ड नसतंच, वाढणारा तोंडी सांगतो.

हिंगाष्टक

कोल्हापुरीचं तेच झालंय. 'व्हेज कोल्हापुरी' नावाचा पदार्थ देशभर मिळतो, कोल्हापुरात कुणाच्या घरी होत नाही. तांबडा-पांढरा रस्सा हवा तर कोल्हापूर गाठावं.

वालाचं_बिरडं

पांढऱ्या रश्शाला मटणाचं स्टॉक ताजं लागतं, ते मोठ्या मेन्यूत परवडत नाही. नारळाचं दूध आणि काजू घालून पांढरा रंग आणतात, चव येत नाही.

निहारी_पहाटे

महंमद अली रोडचा उल्लेख कुणीच केला नाही? नल्ली निहारी रात्रभर मंद आचेवर शिजते, म्हणून तिची खरी वेळ सकाळ. कुलाब्याला ऑलिम्पियामध्ये खिमा-पावही सकाळीच खावा. आपल्या मराठी मंडळींच्या याद्या दादर-गिरगावाबाहेर फारशा जात नाहीत याचं मला वाईट वाटतं. शहर एवढंच नाही.

आगळ

निहारी_पहाटे, बरोबर बोललात, आणि तुमचे दोन्ही पदार्थ वेळेच्या मुद्द्याला माझ्यापेक्षा चांगली उदाहरणं आहेत. ताडदेवचं स्वाती स्नॅक्स (१९६३) आणि काळबादेवीचं ठाकर भोजनालय (१९४५) हीसुद्धा राहिली. स्वातीत पानकी घ्या. केळीच्या पानात तव्यावर भाजलेली तांदळाची पातळ पोळी, पान उघडताच खायची. दोन मिनिटं गप्पा मारल्या तर पानाला चिकटते.

गिरगावकर_जुना

खोताच्या वाडीतलं अनंताश्रम बंद पडलं ते अजून पचत नाही. तिथे गप्पा मारत बसलेलं चालायचं नाही, जेवा आणि उठा. मासळी मात्र अशी की कुणी तक्रार करत नसे. अशा जागा बंद का पडतात याचं कारण लोक चव बदलली असं सांगतात. मला ते पटत नाही. पुढच्या पिढीला पहाटे बाजारात जाऊन मासा निवडायचा नसतो, आणि तो दुसऱ्या कुणाला निवडायला सांगून चालत नाही. जागेचा भाव एवढा वाढलाय की दुपारी तीन तास चालणाऱ्या खानावळीपेक्षा गाळा भाड्याने देणं सोपं. मालकाला दोष देता येत नाही. आपण वेळेवर जाऊन जेवतो तोवर ती चालते, एवढंच आपल्या हातात.

एडिसन_एनजे

वाचून भूक लागली, इथे मध्यरात्र आहे. डिसेंबरात आईला घेऊन न्यू जर्सीहून येतोय. आईचे गुडघे दुखतात, जिने जमत नाहीत. तिला मासे हवेत, मला डोसा आणि बेरी पुलाव. मुक्काम दादरला, शनिवार ते मंगळवार. कसं बसवू?

आगळ

एडिसन, डिसेंबर मासळीला उत्तम. शनिवारी दुपारी दादरलाच मासे, गर्दीच्या आधी, साडेबाराच्या आत पोचा. आईंना आधी आमटी-भात, मग तुकडी. संध्याकाळी प्रकाशमध्ये वडा आणि पियूष. रविवारी सकाळी अगदी लवकर कॅफे मद्रास. तळमजल्यावर आहे, पण रांगेत आईंना उभं राहावं लागेल, तर तुम्ही आधी जाऊन नाव लिहा आणि आईंना मागून टॅक्सीने आणा. रामा नायक पहिल्या मजल्यावर आहे, ते या वेळी राहू द्या. ब्रिटानिया रविवारी बंद, म्हणून ते सोमवारी दुपारी ठेवा, बॅलार्ड इस्टेटला टॅक्सी थेट दारात जाते. मंगळवारी आस्वादचं थालीपीठ.

माटुंगेकर

आणि डोसा सोमवारवर ढकलू नका. माटुंग्यातलं कॅफे मद्रास सोमवारी बंद असतं.

एडिसन_एनजे

लिहून घेतलं. आईला वाचून दाखवलं, ती विचारतेय डिसेंबरात तिसऱ्या मिळतील का.

वालाचं_बिरडं

मिळतील. निघायच्या आधी मला निरोप पाठवा. आमच्या शेजारच्या काकू घरून ऑर्डर घेतात, आदल्या दिवशी सांगावं लागतं. तिसऱ्यांचं सुकं आणि तांदळाची भाकरी, आईंना खोलीवरच आणून देईन.